गावाचा किरणोत्सर्ग आपणच मोजूया: सोनईच्या शाळा, विहार आणि दवाखान्यांसाठी एक कार्यक्रम

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारातले काही कामगार एकापाठोपाठ आजारी पडले. कातडी काळवंडली, केस गळाले, उलट्या थांबेनात. तपासात कळले की त्यांनी फोडलेल्या एका जुन्या यंत्रात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. हे यंत्र दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाचे. १९६८ मध्ये कॅनडातून घेतलेले, १९८५ पासून वापराविना पडून असलेले. फेब्रुवारी २०१० मध्ये ते इतर भंगाराबरोबर लिलावात विकले गेले. आत काय आहे, हे घेणाऱ्याला कोणी सांगितले नाही. एका कामगाराचा जीव गेला, इतर अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

यंत्र विद्यापीठाचे, निष्काळजीपणा कार्यालयाचा आणि मरण भंगार फोडणाऱ्याचे. आपल्या समाजाला हा हिशोब नवा नाही. भंगार गोळा करणारे, गटार साफ करणारे, कचरा वेचणारे हात कोणाचे असतात हे वेगळे सांगायला नको.

या घटनेतली एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. तो कळतो फक्त यंत्राने. ज्या बाजारात रोज टनावारी लोखंड येते, तिथे ते यंत्र कोणाकडेही नव्हते. आपल्या तालुक्याच्या गावी तरी आहे का? आणि उद्या कोणी मीटर आणून म्हणाले, "इथे रेडिएशन जास्त आहे", तर 'जास्त' म्हणजे कशापेक्षा जास्त, हे सांगायला आपल्याकडे कालची नोंद आहे का?

नेवासा तालुक्यातील सोनई हे गाव उदाहरणादाखल घेऊन या प्रश्नाची मांडणी करत आहे. सोनईचे नाव आपल्यातल्या अनेकांना जानेवारी २०१३ मधल्या तिहेरी हत्याकांडामुळे माहीत आहे. पण तिथे साखर कारखाना आहे, शाळा-महाविद्यालये आहेत, आठवडे बाजार आहे, शेजारच्या शनिशिंगणापूरला येणाऱ्या भाविकांची वर्दळ आहे. सोनईत धोका आहे असे कोणी समजू नये. जिथे काही धोका नाही तिथेच आणि तेव्हाच पहिली नोंद करून ठेवायची असते, एवढेच सांगायचे आहे.

पार्श्वभूमीचा किरणोत्सर्ग म्हणजे काय?

किरणोत्सर्ग म्हटले की अणुबॉम्ब किंवा अणुभट्टी आठवते. प्रत्यक्षात आपण जन्मापासून किरणोत्सर्गातच राहतो. आकाशातून विश्वकिरण येतात. जमिनीत, दगडात, विटांत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-४० यांचे अंश असतात. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू झिरपतो आणि श्वासातून शरीरात जातो. केळी, बटाटा, डाळी यांतून पोटॅशियम पोटात जाते. ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात या पोटॅशियमच्या सुमारे ४,४०० अणूंचे दर सेकंदाला विघटन होत असते. ब्राह्मण असो की बौद्ध, यात कोणाची सुटका नाही!

या सगळ्याला मिळून पार्श्वभूमीचा किरणोत्सर्ग म्हणतात. त्याचा शरीरावरचा परिणाम सिव्हर्ट या एककात मोजतात. सिव्हर्ट फार मोठे माप असल्याने व्यवहारात मिलिसिव्हर्ट (हजारावा भाग) आणि मायक्रोसिव्हर्ट (दहा लाखावा भाग) वापरतात. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीच्या हिशोबानुसार जगातल्या सरासरी माणसाला निसर्गाकडून वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. त्यातला अर्ध्याहून अधिक वाटा, म्हणजे सुमारे १.२६, रेडॉन आणि तशाच वायूंचा. विश्वकिरणांचा ०.३९, जमीन आणि इमारतींचा ०.४८ आणि अन्नपाण्याचा ०.२९.

हातात धरायचा साधा मीटर यातले फक्त विश्वकिरण आणि जमीन-भिंतींतून येणारे गॅमा किरण टिपतो. दोन्हींची बेरीज वर्षाला ०.८७ मिलिसिव्हर्ट. तासावर आणली तर जवळजवळ ०.१ मायक्रोसिव्हर्ट. हा आकडा लक्षात ठेवा: तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्ट. जगाची सरासरी साधारण इथे येते.

सोनईत किती असावा?

हे दगडावर ठरते. सोनई दख्खनच्या पठारावर आहे. खाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, आणि वर त्याचीच झालेली काळी माती. बेसॉल्टमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम हे तिन्ही ग्रॅनाईटच्या तुलनेत कमी असतात. त्यामुळे हैदराबादसारख्या ग्रॅनाईटच्या प्रदेशापेक्षा आपल्याकडे जमिनीतून येणारे किरण कमी. पठाराच्या उंचीमुळे विश्वकिरण मात्र समुद्रकिनाऱ्यापेक्षा किंचित जास्त. एकूण आकडा तासाला ०.१ च्या आसपास किंवा त्याहून थोडा कमी यावा.

याच्या उलट टोकाला केरळच्या कोल्लम जिल्ह्यातला करुनागपल्लीचा किनारा. तिथल्या वाळूत मोनाझाईट हे थोरियमयुक्त खनिज आहे. काही घरांत सर्वसाधारण पातळीच्या अनेक पटींनी किरणोत्सर्ग आढळतो. तिथल्या सुमारे ७०,००० लोकांची सरासरी दहा वर्षे पाहणी करून २००९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जास्त किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचे दिसले नाही.

म्हणून मीटरवर ०.१ ऐवजी ०.१६ दिसले की घाबरायचे नाही. पण ०.१ दाखवणाऱ्या त्याच जागी, त्याच मीटरवर उद्या अचानक ०.५ दिसले, तर कारण शोधलेच पाहिजे. आकडा किती आहे यापेक्षा तो बदलला का, हा प्रश्न महत्त्वाचा. आणि बदल कळण्यासाठी आधीची नोंद लागते.

सरकार मोजत नाही का?

मोजते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशभर शेकडो ठिकाणी स्वयंचलित मापन केंद्रांचे जाळे उभारले आहे. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र चालू आहे. तिथे परिसरातली हवा, पाणी, मासे, भाजीपाला तपासणारी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ देशातल्या सर्व किरणोत्सर्गी साधनांवर देखरेख ठेवते. सामान्य नागरिकाला अशा साधनांमुळे नैसर्गिक पातळीच्या वर वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळू नये, असा नियम आहे.

पण हे जाळे देशव्यापी बदल टिपण्यासाठी आहे. तुमच्या गावातल्या भंगाराच्या दुकानात काय आले, एक्स-रे खोलीच्या भिंतीपलीकडे बाकावर बसलेल्या गरोदर बाईला काय मिळते, हे दूरचे केंद्र सांगू शकत नाही. ते गावातच मोजावे लागेल.

गावात किरणोत्सर्गी वस्तू येतात कुठून?

काही वस्तू निरुपद्रवी आहेत, पण मीटरवर दिसतात. त्या आधी ओळखून ठेवल्या की पुढे गोंधळ होत नाही.

*पोटॅशची गोणी.* सोनईचा परिसर उसाचा. सोसायटीच्या गोदामात म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोण्यांची थप्पी असतेच. ५० किलोच्या एका गोणीत पोटॅशियम-४० च्या सुमारे साडेसात लाख अणूंचे दर सेकंदाला विघटन होते. मोठ्या थप्पीला मीटर टेकवला तर आकडा पार्श्वभूमीच्या काही पट जाऊ शकतो. चार पावले मागे या, तो खाली येतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. उलट मीटर चालू आहे की नाही, हे तपासायला ही गोणी कामाला येते.

*गॅसबत्तीचे मेंटल.* जुन्या पेट्रोमॅक्सच्या जाळीला जास्त उजेडासाठी थोरियमचे क्षार लावत. जयंतीच्या मिरवणुकीत वर्षानुवर्षे या बत्त्या डोक्यावर वाहिल्या गेल्या. विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या कपाटात जुनी मेंटल असतील तर मीटर जवळ नेताच आकडा वाढेल. ती हाताळली म्हणून आजार होत नाही, पण चुरा झालेल्या मेंटलची धूळ श्वासात जाऊ देऊ नये.

*ग्रॅनाईटची फरशी.* नव्या कार्यालयांत, विहारांत ग्रॅनाईट बसवतात. संगमरवराच्या किंवा शहाबादी फरशीपेक्षा तिथे आकडा किंचित जास्त येऊ शकतो. विटांच्या भिंतींमुळेही इमारतीच्या आतला आकडा बाहेरच्यापेक्षा सहसा थोडा जास्त असतो.

ज्यांच्याबाबत खरोखर सावध राहायला हवे, अशा गोष्टी वेगळ्या आहेत.

*एक्स-रे आणि सीटी स्कॅन यंत्रे.* ती बटण दाबले तेवढ्यापुरतेच किरण सोडतात. बंद यंत्र भंगारात गेले तरी किरण येत नाहीत. प्रश्न असतो तो चालू यंत्राचा. खोलीची भिंत पुरेशी जाड आहे का, दाराला शिशाचा पत्रा आहे का, चित्र काढताना दार बंद करतात का, बाहेर लाल दिवा लागतो का? प्रत्येक एक्स-रे यंत्राला नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो 'ई-लोरा' या ऑनलाइन प्रणालीतून मिळतो. तंत्रज्ञाच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असलाच पाहिजे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे भीतीपोटी टाळू नका. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा ०.१ मिलिसिव्हर्टच्या आत असते, म्हणजे निसर्गाकडून दोन आठवड्यांत मिळते त्यापेक्षाही कमी. क्षयरोगाचे निदान चुकले तर त्याचे नुकसान कितीतरी मोठे.

*वेल्डिंग तपासण्याचे स्रोत.* कारखान्यातील बॉयलर, पाइपलाइन, टाक्या यांचे सांधे तपासायला ठेकेदार इरिडियम-१९२ चा स्रोत असलेला जड डबा आणतात. आतला स्रोत पेन्सिलीच्या टोकाएवढा, पण हातात किंवा खिशात राहिला तर मांस जाळणारा. तो हरवणे, वाहनातून पडणे, न ओळखता कोणी उचलणे, असे अपघात जगभर घडले आहेत.

*भंगार.* सर्वात मोठी काळजी इथे. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडले. त्या बटणांचे पोलाद भारतातून गेले होते आणि त्याचा माग महाराष्ट्रातल्या एका ओतकाम कारखान्यापर्यंत आला. कुठल्या तरी स्रोताचे धातूत वितळून पोलाद झाले आणि ते जगभर फिरले. बटण जोडणाऱ्या फ्रेंच कामगारांना किती मात्रा मिळाली, हे तिथल्या यंत्रणेने मोजून जाहीर केले. ते भंगार ज्याने उचलले, वेगळे केले, भट्टीत टाकले, त्या आपल्या कामगाराची मात्रा किती होती, ही चौकशी त्या फ्रेंच कामगारांइतकी गाजली नाही.

मीटरला काय कळत नाही?

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा, नाहीतर मोहीम भरकटेल.

पहिली, मोबाइल टॉवर. गावात "रेडिएशन" हा शब्द बहुतेक वेळा टॉवरसाठीच वापरतात. टॉवरच्या लहरी अणू फोडणाऱ्या नसतात आणि गायगर मीटर त्या मोजतच नाही. टॉवरखाली गायगर मीटर धरून "बघा, काहीच नाही" किंवा "बघा, वाढले" असे म्हणणे दोन्ही चूक. टॉवरची तपासणी हवी असेल तर दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर ४,००० रुपये शुल्क भरून मोजमाप करून घेता येते.

दुसरी, रेडॉन. निसर्गातल्या मात्रेचा सर्वात मोठा वाटा त्याचाच, पण साधा मीटर तो वेगळा दाखवत नाही. त्यासाठी काही आठवडे-महिने खोलीत ठेवायचे वेगळे शोधक लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने घरांसाठी घनमीटरला १०० बेकेरेल ही संदर्भ पातळी सुचवली आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत अनेक देशांत धूम्रपानानंतर रेडॉनचा क्रम लागतो. आपल्याकडच्या हवेशीर घरांत तो साचत नाही. खिडक्या बंद असलेल्या वातानुकूलित खोल्या, तळघरे, कोंदट गोदामे यांकडे मात्र लक्ष द्यावे. उपाय फुकट आहे: खिडकी उघडा.

कुठे मोजायचे?

सार्वजनिक इमारती निवडायच्या, कारण तिथे सर्वांचा वावर असतो आणि परवानगी उघडपणे मागता येते. कोणाच्या घरात शिरून मोजण्याचा हट्ट धरू नये. सोनईसारख्या गावासाठी दहा-बारा जागा पुरेत:

१. ग्रामपंचायत कार्यालयाचा दरवाजा.
२. जिल्हा परिषद शाळेचा एक वर्ग आणि पटांगण.
३. एक अंगणवाडी. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया इथे येतात, म्हणून हिला प्राधान्य.
४. बुद्ध विहार किंवा समाजमंदिराचा सभामंडप.
५. सरकारी दवाखान्याचा प्रतीक्षा कक्ष. एक्स-रे असेल तिथे दाराबाहेरचा बाक, यंत्र बंद असताना आणि चालू असताना.
६. महाविद्यालयाचे ग्रंथालय.
७. बस थांबा.
८. आठवडे बाजाराची जागा.
९. सोसायटीचे खतांचे गोदाम. येथे आकडा जास्त येणार हे आधीच लिहून ठेवावे.
१०. भंगार दुकानासमोरचा रस्ता. दुकानदाराला विश्वासात घेऊन दुकानाच्या आतही.
११. दलित वस्तीतील एक ठिकाण. गावाच्या नोंदीत वस्ती वगळली जाते, हा अनुभव जुना आहे.

कसे मोजायचे?

गायगर मीटर काही हजार रुपयांपासून ऑनलाइन मिळतो. मंडळाने वर्गणी काढून एक घेतला तरी चार-पाच गावांना पुरतो. घेताना तो गॅमा किरणांची मात्रा 'मायक्रोसिव्हर्ट प्रति तास' यात दाखवतो ना, ते पाहा. बी.एस्सी. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत गायगर-म्युलर संच असतो. तिथल्या प्राध्यापकांना आपल्या कामात ओढा. मीटर कसा चालतो हे ते नीट समजावतील आणि नोंदीला वजनही येईल.

पद्धत सोपी आहे, पण दर वेळी तीच पाळली पाहिजे.

• मीटर जमिनीपासून एक मीटर उंचीवर, भिंतीपासून दूर धरा. जागेवर खडूने किंवा रंगाने खूण करा. पुढच्या वेळी तीच जागा.

• एकदा पाहून आकडा लिहू नका. किरण एकसारखे येत नाहीत, पावसाच्या थेंबांसारखे मागे-पुढे येतात. आकडा सेकंदासेकंदाला ०.०६ ते ०.१८ असा नाचेल. किमान दहा मिनिटे मोजा आणि सरासरी लिहा. असे तीनदा करा.

• पाऊस चालू असताना मोजू नका. पावसाबरोबर हवेतले रेडॉनचे कण खाली येतात आणि तास-दोन तास आकडा वाढतो. मृगाच्या पहिल्या सरीत मोजून "किरणोत्सर्ग वाढला" अशी बातमी केली तर आपले हसे होईल.

• नोंदवहीत तारीख, वेळ, जागा, हवामान, मीटरचे मॉडेल व क्रमांक, तिन्ही सरासऱ्या आणि मोजणाऱ्या दोघांच्या सह्या हव्यात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मीटरचे आकडे एकमेकांशी ताडू नका. स्वस्त मीटरांत फरक असतोच. एकाच मीटरची आजची नोंद त्याच मीटरच्या उद्याच्या नोंदीशी ताडा.

• वर्षातून चार वेळा पुरे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखांच्या आदल्या आठवड्यात मोजा आणि ग्रामसभेत आकडे वाचून दाखवा. ते इतिवृत्तात घ्यायला लावा. इतिवृत्तात आलेला आकडा हा गावाचा कागद होतो.

आकडा वाढलेला दिसला तर?

सरकारी नियम नव्हे, पण कार्यकर्त्यांसाठी व्यवहारातला एक ठोकताळा सांगतो.

आकडा मागच्या नोंदीच्या दुप्पट असेल तर आधी मीटरची बॅटरी पाहा, दहा पावले दूर जाऊन मोजा, परत या. शेजारी पोटॅश, ग्रॅनाईट, मेंटल आहे का बघा. नुकतीच किरणोत्सर्गी औषध देऊन तपासणी किंवा थायरॉईडचे उपचार झालेला रुग्ण जवळून गेला तरी आकडा काही वेळ वाढतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. कारण सापडले तर ते लिहा, विषय संपला.

आकडा तासाला १ मायक्रोसिव्हर्टच्या वर असेल, कारण सापडत नसेल आणि जवळ जावे तसा वाढतच असेल, तर शोध थांबवा. वस्तूला हात लावू नका, उचलू नका, फोडू नका. मागे सरा. अंतर दुप्पट केले की लहान स्रोताची मात्रा चौथाईवर येते, म्हणून अंतर हेच सर्वात स्वस्त संरक्षण. लोकांना तिथून दूर ठेवा, ११२ वर कळवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला तारीख-वेळेसह लेखी द्या. पुढचे काम तज्ज्ञांचे.

भंगार दुकानांत एक मराठी-हिंदी फलक लावणे, हे काम तर मीटर नसतानाही उद्यापासून करता येईल. त्यावर पिवळ्या पाटीवरचे तीन पात्यांचे चिन्ह मोठे छापा. २००७ पासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने धोकादायक स्रोतांसाठी नवे चिन्ह आणले आहे: लाल त्रिकोणात किरण, कवटी आणि पळणारा माणूस. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही "पळ" एवढे कळावे, म्हणूनच ते काढले. खाली दोन ओळी: "आकाराने लहान पण फार जड, शिशाचे, गोल डबे फोडू नका. अंधारात चमकणारी पूड घरी नेऊ नका."

दुसरी ओळ उगीच नाही. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात दोन कचरावेचकांनी बंद पडलेल्या दवाखान्यातून यंत्राचा एक भाग काढून भंगारवाल्याला विकला. आत सिझियम-१३७ ची पूड होती. ती निळी चमकत होती म्हणून नातेवाइकांत, शेजाऱ्यांत वाटली गेली. लोकांनी ती अंगाला लावली. मीटर घेऊन एक भौतिकशास्त्रज्ञ तिथे पोहोचेपर्यंत दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला होता. चार जण मेले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी. एक लाख बारा हजारांवर लोकांची तपासणी करावी लागली. २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात पूड सापडली.

नोंद नसली की काय होते?

झारखंडमधील जादूगोडा येथे १९६७ पासून युरेनियमची खाण आहे. खाणीचा गाळ साठवणारे तलाव आदिवासी गावांना लागून आहेत. तिथल्या आजारांवर, जन्मजात व्यंगांवर लोक अनेक दशके बोलत आहेत. श्रीप्रकाश यांनी १९९९ मध्ये यावर काढलेल्या माहितीपटाचे नावच 'बुद्धा वीप्स इन जादूगोडा' आहे. सरकारी कंपनी म्हणते, पातळी मर्यादेत आहे. आंदोलक म्हणतात, नाही. खाण सुरू होण्याआधी गावात पातळी किती होती, याची लोकांच्या हातात नोंद असती तर या वादात त्यांची बाजू कितीतरी भक्कम असती.

जपानच्या लोकांनी हे लवकर ओळखले. ११ मार्च २०११ नंतर फुकुशिमात सरकारने शाळेच्या पटांगणासाठी तासाला ३.८ मायक्रोसिव्हर्ट ही मर्यादा ठरवली. हिशोब वर्षाला २० मिलिसिव्हर्टचा होता. "ही मोठ्यांची मर्यादा मुलांना का?" असे विचारत पालक रस्त्यावर आले. मे महिन्यात सरकारला शाळेतली मात्रा वर्षाला १ मिलिसिव्हर्टपर्यंत खाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर करावे लागले. त्याच काळात 'सेफकास्ट' या नागरिकांच्या गटाने स्वतः मीटर बनवले, गाड्यांना बांधून रस्तोरस्ती मोजले आणि सगळे आकडे सर्वांसाठी खुले केले. पुढे शाळा-बागांतील सुमारे २,४०० मापन खांब काढण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तिथल्या आयांनी विरोध केला आणि खांब राहिले. त्या आया काही वैज्ञानिक नव्हत्या. आकडा वाचायला शिकल्या होत्या, आणि तेवढ्यावर त्यांनी सरकारशी बोलणी केली.

अफवा पसरवणारे आपण नसावे

या कामात एक जबाबदारी आहे, आणि ती आपल्याला इतरांपेक्षा जास्त समजली पाहिजे. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या हिबाकुशांना पुढे लग्नाला स्थळ मिळेना, नोकरी मिळेना. त्यांच्या स्पर्शाने रोग लागतो, असा समज होता. गोयानियातल्या त्या सहा वर्षांच्या मुलीला पुरायला नेले तेव्हा लोकांनी स्मशानात दगडफेक केली. विटाळाची ही दुसरी आवृत्तीच. स्मशानाची वाट अडवली जाणे म्हणजे काय, हे आपल्या किती गावांनी सोसले आहे!

म्हणून नियम करा: एका मोजणीवरून व्हॉट्सॲपवर काहीही टाकायचे नाही. एखाद्या वस्तीचे, दुकानाचे, माणसाचे नाव "रेडिएशनवाले" म्हणून पडता कामा नये. बाहेरून किरण लागलेला माणूस दुसऱ्याला किरण देत नाही, जसे उन्हात तापलेल्या माणसापासून दुसऱ्याला ऊन लागत नाही. अंगाला किरणोत्सर्गी धूळ लागली असेल तर कपडे बदलून, अंघोळ करून ती बरीचशी निघते. आकडे जाहीर करायचे ते सगळे एकत्र, पद्धतीसह, ग्रामसभेत. कमी आले तर तेही तितक्याच ठळकपणे. "आमच्या अंगणवाडीत सर्व काही ठीक आहे" हे पुराव्यासह सांगता येणे, ही सुद्धा गावाची कमाई आहे.

आता काय करायचे?

पहिल्या महिन्यात तीन अर्ज करा. ग्रामपंचायतीला सार्वजनिक इमारतींत मोजणीच्या परवानगीसाठी. एक्स-रे यंत्र असलेल्या सरकारी रुग्णालयाला माहितीच्या अधिकारात: परवान्याची प्रत, वैधतेची तारीख आणि तंत्रज्ञांना मात्रेचे बिल्ले दिले आहेत का. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला, तेही माहितीच्या अधिकारात: जिल्ह्याच्या आराखड्यात किरणोत्सर्गी अपघाताची तरतूद आहे का, आणि जिल्ह्यात मोजणीचे यंत्र नेमके कोणत्या कार्यालयात आहे. ही तीन उत्तरे आली तरी आपल्याला आजच्यापेक्षा बरेच अधिक माहीत असेल.

दुसऱ्या महिन्यात मीटर आणि पाच जणांचा गट. त्यात किमान दोन मुली आणि भंगार व्यवसायातला एक जण हवाच. पहिला सराव पोटॅशच्या गोदामात करा. तिसऱ्या महिन्यात दहा-बारा जागांची पहिली नोंद. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या दिवशी विद्यार्थ्यांना घेऊन शाळेत मोजणी करून दाखवता येईल.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले ते केवळ नोकरीसाठी नव्हे. आकडा कोणी सांगितला म्हणून मान्य न करता तो स्वतः मोजून पाहणे, हेही शिक्षणच. सोनईच्या, नेवाशाच्या, अहिल्यानगरच्या तरुणांनी सुरुवात करावी. तुमच्या गावात विहाराच्या कपाटात अशी एक नोंदवही असू द्या. त्यात पुढची पन्नास वर्षे ०.०९, ०.१०, ०.०९ एवढेच लिहिले जावो. पण एखाद्या दिवशी आकडा बदलला, तर तो सगळ्यात आधी आपल्याला कळला पाहिजे.

जय भीम.